परदेशातून कायमचं घरी येताना: नव्याने येणाऱ्यांसाठी वाटाड्या

तेरा वर्षं न्यू जर्सीत काढून आम्ही चौघं २०२२ च्या जूनमध्ये पुण्याला, कोथरूडला परत आलो. तेव्हापासून परतीच्या विचारात असलेल्या ओळखीच्यांचे फोन येत असतात आणि मी प्रत्येकाला जवळपास तेच सांगते. ते एकदा क्रमाने लिहून काढते आहे. आमचा अनुभव अमेरिकेतून महाराष्ट्रात येण्याचा आहे. आखातातून किंवा युरोपातून येणाऱ्यांना तिकडच्या कराचा भाग वेगळा लागेल, बाकीचं बरंचसं सारखंच.

आमची मोठी चूक एकच झाली. इथलं सगळं आपल्याला ठाऊक आहे, आपण काय परके आहोत का, असं धरून आम्ही आलो. आम्हाला ठाऊक होतं ते २००९ चं पुणं. पहिलं आधार कार्ड सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तेव्हा आम्ही इथून गेलेलो होतो. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झालं. वनाजची मेट्रो आम्ही उतरण्याच्या तीनच महिने आधी धावायला लागली. मधल्या काळात दर दोन वर्षांनी तीन आठवडे यायचो, पण तेव्हा रिक्षाचे पैसे सासरे द्यायचे, भाजी आई आणायची. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात भाजीवाल्या मावशींनी क्यूआर कोडचा पुठ्ठा माझ्यापुढे धरला. माझ्या हातात पाचशेची नोट होती, त्यांच्याकडे सुटे नव्हते आणि मागे चार जणी खोळंबल्या होत्या. त्या संध्याकाळी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं, ‘आपण या गावात नवीन आहोत.’ पुढचं सगळं त्या नजरेने वाचा.

पायरी पहिली: परतीची तारीख

बहुतेक जण तारीख ठरवतात ती मुलांच्या शाळेवरून आणि तिकिटाच्या दरावरून. तिसरी गोष्ट धरायची असते ती आयकराची. आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. त्या वर्षात तुम्ही १८२ किंवा त्याहून जास्त दिवस भारतात असलात की करापुरते निवासी ठरता. आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात झाले असतील, तर दिवसांची अट याहून कमी होऊ शकते. म्हणून दर सुट्टीच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून आधी कागदावर उतरवा. ऑक्टोबरनंतर कायमचे आलात आणि त्या वर्षी आधी चक्कर झालेली नसेल, तर बहुधा ते वर्ष अनिवासी म्हणूनच जातं.

निवासी झाल्यावरही लगेच जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. मधला एक टप्पा आहे, ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’. सनदी लेखापाल त्याला आरएनओआर म्हणतात. आधीच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत भारतातलं वास्तव्य ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर हा दर्जा मिळतो. दीर्घकाळ बाहेर राहिलेल्यांना तो साधारण दोन, कधी तीन वर्षं पुरतो. या काळात तिकडचं व्याज, तिकडचे शेअर विकून झालेला नफा, तिकडच्या घराचं भाडं यावर भारतात कर नसतो. तिकडचं जे काही विकायचं, मोडायचं, आवरायचं असेल ते याच काळात आवरा. ही खिडकी बंद झाल्यावर परदेशातली प्रत्येक मालमत्ता आणि प्रत्येक खातं विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो. ‘खात्यात थोडेच डॉलर आहेत’ म्हणून सोडून देऊ नका.

निवृत्तीच्या खात्यांचं मात्र घाईने काही करू नका. ४०१-के मधले पैसे वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढले तर अमेरिकेत कराशिवाय सहसा १० टक्के दंड पडतो. खातं तसंच ठेवलंत तर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या अशा खात्यांसाठी आपल्या कायद्यात सोय आहे. तिकडे पैसे काढाल आणि कर द्याल, त्याच वर्षी इथेही कर धरला जावा, असा पर्याय अर्ज भरून निवडता येतो. तो निवडला नाही तर दोन देशांचे कर वेगवेगळ्या वर्षी येतात आणि वजावट मिळवताना जीव मेटाकुटीला येतो.

तिकडे स्वतःचं घर असेल तर ते विकण्याचा निर्णय निघण्याआधीच घ्या. पाचपैकी दोन वर्षं त्यात राहिलेल्या मालकाला अमेरिकेत नफ्यावर मोठी करमाफी आहे, जोडप्याला पाच लाख डॉलरपर्यंत. घर भाड्याने देऊन इकडे आलात की ती दोन वर्षांची अट हळूहळू हातची निसटते. अनिवासी परदेशी म्हणून नंतर विकताना विक्रीच्या किमतीच्या साधारण १५ टक्के रक्कम आधीच कापून ठेवली जाते, आणि ती परत मिळवायला विवरणपत्र भरून थांबावं लागतं.

अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांनी लक्षात ठेवायचं की तिकडचं विवरणपत्र इथे आल्यावरही सुटत नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांतली शिल्लक मिळून वर्षात कधीही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा अर्ज, भरायचा. आणि भारतीय म्युच्युअल फंडात पैसे घालण्याआधी तिकडच्या करसल्लागाराला विचारायचं, कारण अमेरिकेचे नियम त्यांना अतिशय कडक वागवतात. बँकेतल्या ओळखीच्या मुलाने आग्रह केला म्हणून सह्या करू नका.

पायरी दुसरी: तिकडून निघण्याआधी

कागदांपासून सुरुवात करा, कारण तेच इथून मिळवणं सगळ्यात अवघड. मुलांचे जन्मदाखले, लग्नाचं प्रमाणपत्र, पदव्या, शाळेची प्रगतिपत्रकं यांवर त्या त्या राज्याच्या कार्यालयाकडून अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मारलेला शिक्का, करून घ्या. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, त्यामुळे तो शिक्का इथे चालतो. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती करा. एक हातातल्या बॅगेत ठेवा, कंटेनरमध्ये एकही कागद टाकू नका. डॉक्टरांकडून लसीकरणाच्या नोंदी आणि सगळ्यांचे जुने तपासणी अहवाल घ्या. वाहन विमा कंपनीकडून अपघात नसल्याचं पत्र घेतलं तर उत्तम.

दुसरी गोष्ट फोन नंबर. आम्ही तिकडचा नंबर बंद करून आलो. तीन आठवड्यांनी एका बँकेत लॉगिन करायला गेलो तर सांकेतिक क्रमांक त्याच नंबरवर. तो नंबर आता आमचा नव्हता. खातं उघडायला पाच महिने लागले, नोटरी, पत्रं, रात्री बारा-बारा वाजता फोन. तुमचा नंबर स्वस्तातल्या योजनेवर किंवा इंटरनेटवरच्या सेवेवर वळवून घ्या, आणि विमानात बसण्याआधी प्रत्येक बँक त्या नंबरवर संदेश पाठवते का ते स्वतः तपासा. काही बँका इंटरनेटवरच्या नंबरांना संदेश पाठवत नाहीत.

मुलांचा जन्म तिकडचा असेल तर ओसीआय कार्डं (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देतं ती) तिथेच करून आणा. त्यावर पुढे लिहिलं आहे.

आणि एक काम कुठल्याच यादीत नसतं: मुलांना ‘तुम्ही’ शिकवा. परदेशात वाढलेली आपली मुलं मराठी ऐकतात ती फक्त आईबाबांकडून, आणि आपण त्यांना ‘तू’च म्हणतो. ‘तुम्ही बसा’, ‘तुम्ही सांगाल का’ ही रूपं त्यांच्या कानावर पडलेलीच नसतात. आमचा सात वर्षांचा मुलगा प्रवेशाच्या वेळी मुख्याध्यापिकांना अगदी प्रेमाने म्हणाला, ‘तू इथे रोज येतेस?’ त्या हसल्या आणि त्याला जवळ घेतलं. पण पुढचे काही महिने रिक्षावाले काका, शेजारच्या आजी, वर्गातल्या बाई, सगळीकडे त्याला थांबून विचार करावा लागायचा, आणि मग तो बोलेनासाच झाला. निघण्याआधीचे सहा महिने घरात जेवताना एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणायचा खेळ खेळा. गावात महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा असेल तर शेवटच्या वर्षी तरी नक्की घाला.

पायरी तिसरी: सामान

थोडक्यात सांगते. विजेवर चालणारं बहुतेक सामान तिकडेच देऊन टाका. तिथली वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. लॅपटॉप आणि फोनचे चार्जर दोन्हीकडे चालतात, पण मिक्सर, वॉशिंग मशीन, मायक्रोवेव्ह यांच्यासाठी जाडजूड ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो स्वयंपाकघरात दिवसभर गुणगुणत बसतो. पुस्तकं, मुलांच्या आवडीच्या वस्तू, चांगली गादी, सायकली आणा. आमचा कंटेनर न्हावाशेव्याला यायला सात आठवडे लागले, तेव्हा पावसाळ्याचे कपडे आणि शाळेपुरतं सामान विमानातूनच आणा. दोन वर्षं किंवा जास्त बाहेर राहिलेल्यांना वापरलेल्या घरगुती सामानावर सीमाशुल्कात सवलत असते. तिच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून निघण्याच्या महिन्यात ताजा नियम बघा आणि प्रत्येक खोक्यात काय आहे याची यादी स्वतः करा. पॅकर्सने लिहिलेलं ‘घरगुती इतर’ कस्टम्समध्ये चालत नाही.

पायरी चौथी: पहिले दोन महिने

क्रम असा ठेवा: फोनचं सिमकार्ड, आधार, बँक, आरोग्य विमा, मग घर. एकातून दुसरं उघडतं. आधारला फोन नंबर जोडलेला नसेल तर पुढचं प्रत्येक काम अडतं.

भारतीय पासपोर्ट असेल तर आधारसाठी आल्या आल्या अर्ज करता येतो. ओसीआय कार्डवाल्यांना आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहणं आवश्यक असतं, त्यामुळे मुलांचं आधार सहा महिन्यांनंतर. शाळेला हे आधीच सांगून ठेवा.

बँकेला ‘आम्ही कायमचे आलो’ असं लेखी कळवायचं. एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची खाती निवासी करून घ्यावी लागतात. एनआरई ठेवीवरचं व्याज करमुक्त असतं ते तुम्ही अनिवासी असेपर्यंतच. ‘ठेव संपेपर्यंत राहू दे’ म्हणून दोन वर्षं गप्प बसलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत, आणि मग व्याजासह कर भरताना त्यांची झोप उडाली. डॉलर डॉलरमध्येच ठेवायचे असतील तर निवासी झाल्यावर आरएफसी, म्हणजे निवासींचं परकीय चलनातलं, खातं उघडता येतं. एफसीएनआर, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात ठेवलेली, ठेव मुदत संपेपर्यंत ठेवता येते.

आरोग्य विमा आठवडाभरात घ्या. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही, आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठी थांबण्याचा काळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. तो काळ पॉलिसी घेतल्यापासून मोजला जातो, म्हणून नोकरीची गटविमा पॉलिसी असली तरी स्वतःची वेगळी घ्या. रक्तदाब, साखर, थायरॉईड, जे आहे ते लिहा. लपवलेली गोष्ट दाव्याच्या दिवशी बाहेर येते, आणि तो दिवस आधीच वाईट असतो.

घर एक वर्ष भाड्याने घ्या. आईवडिलांच्या ओळखीने, भावनेच्या भरात फ्लॅट घेऊ नका. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती घरमालकाची जबाबदारी. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आता एजंट घरी येऊन अंगठे घेऊन करतो. घर बघताना दलालाला विचारू नका, वॉचमनला विचारा: एप्रिल-मे महिन्यांत रोज किती टँकर येतात? बाणेर-बालेवाडीच्या एका देखण्या सोसायटीत आम्ही जवळजवळ टोकन दिलं होतं. वॉचमन काकांनी बोटांवर मोजून सांगितलं, ‘सहा, कधी आठ.’ आम्ही कोथरूडला जुन्या तीन मजली इमारतीत राहिलो, लिफ्टशिवाय, आणि पाण्यासाठी एकदाही फोन करावा लागला नाही.

गाडी चालवण्याची घाई नको. भारतीय लायसन्स संपून एक वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते. त्याआधी महिनाभर रविवारी सकाळी सहाला रिकाम्या रस्त्यावर सराव करा. उजव्या बाजूला बसून डाव्या हाताने गिअर टाकणं अंगवळणी पडतं, पण हॉर्नचा अर्थ कळायला वेळ लागतो. इथे तो बहुतेक वेळा ‘मी आहे’ एवढंच सांगतो, तो मनावर घेऊ नका.

पायरी पाचवी: शाळा

मूल सातवीच्या आत असेल तर यायला उत्तम वेळ. त्यानंतर भाषा आणि अभ्यासाची पद्धत एकदम अंगावर येते. राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, सीबीएसईच्या बऱ्याच शाळा एप्रिलमध्ये. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, त्यामुळे ‘आंतरराष्ट्रीय शाळेत टाकू, मराठीचा प्रश्न नाही’ हे गृहीत धरू नका. आणि मला विचाराल तर मराठी हाच मुलांना इथे मुळं धरायला लावणारा विषय आहे.

मुलीचा पाचवीतला पहिला महिना अजून डोळ्यांसमोर आहे. गणित तिला येत होतं, पण वही माहीत नव्हती. दुरेघी कशाला, चौकटींची कशाला, समास किती सोडायचा, खाकी कव्हरवर लेबल कुठे चिकटवायचं. तिथे सगळं पेन्सिलने, इथे पाचवीपासून पेन. पहिल्या चाचणीत ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ खाली तिने सहा-सात ओळी लिहिल्या, कारण आधीच्या शाळेत मत मांडायचं शिकवलं होतं. गुण अर्धे. तिला समजावताना माझाच आवाज बसला होता. मग आम्ही जुन्या प्रश्नपत्रिका आणल्या आणि रोज वीस मिनिटं फक्त ‘प्रश्न काय मागतो आहे’ एवढंच पाहिलं. दिवाळीनंतर तिचं बस्तान बसलं. वर्गशिक्षिकेला पहिल्याच आठवड्यात भेटा, मुलाची अडचण स्पष्ट सांगा. आमच्या बाईंनी तिच्या शेजारी मुद्दाम एक बडबडी मुलगी बसवली, आणि निम्मं काम तिने केलं.

आता ओसीआय मुलांबद्दल, कारण हे फार जणांना उशिरा कळतं. ४ मार्च २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार नीट, जेईईसारख्या परीक्षांतून प्रवेश घेताना ओसीआय विद्यार्थ्यांना अनिवासी भारतीयांच्या बरोबरीने धरलं जातं. फक्त भारतीय नागरिकांसाठी असलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. त्या तारखेआधी कार्ड मिळालेल्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिलासा दिला, पण ४ मार्च २०२१ नंतर कार्ड मिळालेल्यांना हा नियम लागू आहे. म्हणजे मूल दहावी-बारावी पुण्यात शिकलं तरी डॉक्टरीसाठी अनिवासी कोट्याची फी बसू शकते. मुलाच्या मनात वैद्यकीय असेल तर हा विचार आठवीतच करा: फीची तरतूद, दुसरी वाट, किंवा नागरिकत्वाबद्दल वकिलाचा सल्ला. ओसीआयवर शेतजमीनही घेता येत नाही आणि मतदानही नाही, पण मुलांच्या बाबतीत झोंबतं ते प्रवेशाचंच.

नोकरीबद्दल दोनच ओळी. सीटीसीचा, म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा, आकडा ऐकून हिशेब करू नका, त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कर वजा जाऊन हातात काय येतं ते लिहून मागा. आणि जुना पीएफ तसाच पडला असेल तर तो आधी यूएएनला, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकाला, जोडून घ्या, हेलपाटे वाचतात.

पायरी सहावी: आईवडील

बरेच जण परततात ते यांच्यासाठी, आणि इथेच सगळ्यात जास्त दुखावलं जातं. तुम्ही नसताना त्यांनी एक दिनक्रम घट्ट विणलेला असतो. दूध कोण आणतो, गुरुवारी कुठे जायचं, औषधांचा डबा कुठल्या फडताळात. मी आल्या आल्या सासूबाईंचं स्वयंपाकघर लावून दिलं, डब्यांना नावं चिकटवली. दुसऱ्या दिवशी त्या चहाला साखर शोधत उभ्या होत्या, आणि मला हाक मारावी की नाही हे त्यांना कळत नव्हतं. ते उभं राहणं मी विसरणार नाही. पहिले सहा महिने त्यांच्या घरात काही बदलू नका. शक्य असेल तर जवळ राहा, त्याच घरात नको. चालत पाच मिनिटांवर राहिलात तर वाटीभर आमटी गरम पोचते आणि दार लावायची मोकळीक दोघांनाही राहते.

पण कागदांचं काम थांबवू नका. एका रविवारी दुपारी बाबांबरोबर कपाट उघडा. घाई न करता, त्यांना प्रत्येक पिशवीची गोष्ट सांगू द्या. आमच्याकडे विजेचं बिल अजून आजोबांच्या नावावर येत होतं, आजोबा जाऊन बावीस वर्षं झालेली. दोन बँक ठेवींवर नॉमिनी म्हणून आत्याचं माहेरचं नाव. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट एका जुन्या दिवाळी अंकात. आम्ही एक शंभरपानी वही घेतली. प्रत्येक खातं, ठेव, पॉलिसी, मीटर, लॉकर एका पानावर: क्रमांक, कुणाच्या नावे, नॉमिनी कोण, कागद कुठे. महावितरणचं नाव बदलायला दोन फेऱ्या लागल्या. महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहत असलेल्या घराला ४० टक्के सवलत असते, ती बाबांच्या घराला लागू नव्हती. पीटी-३ अर्ज भरून ती घेतली.

घरात कुणी सत्तरी ओलांडलेलं असेल तर आयुष्मान भारतचं कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता सत्तरीवरच्या सगळ्यांना कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. कुठली जवळची रुग्णालयं यादीत आहेत ते आत्ताच पाहून वहीत लिहा, रात्री अडीच वाजता नाही.

बाबांनी त्या वहीवर स्वतःच्या हाताने ‘घर’ असं लिहिलं आहे. ती आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते. दर वर्षी दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं ती खाली काढतो आणि पानापानावर पेनाने खूण करत जातो.